कोथिंबिरीची जुडी

लोणावळा, गुरुवार संध्याकाळ

आज पुन्हा अर्धाच कप चहा मिळाला. गृहस्थाश्रमाची अवनती याहून खाली जाणार नाही. विचारलं तर सुलभा म्हणते, "संपला की परत देते ना."

संशय मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझ्या टेबलावर खंडाळ्याचा घाट आहे, त्यात छोटी रेल्वे. तिच्यासाठी मी तांब्याची तार पिळून झाडं करतो. फांद्यांना गोंद लावायचा, वर हिरवा रंगवलेला भुसा भुरभुरायचा. बायकोने, म्हणजे सुलभानेच, आजवर प्रत्येक झाडाला 'कोथिंबिरीची जुडी' म्हटलं. आज बोगद्याजवळचं जांभूळ पाहून म्हणाली, "छान झालंय हो."

छान? गोंद खोडावरून ओघळून रुळांवर आलेला, भुसा डोंगरापेक्षा माझ्या लेंग्यावर जास्त.

"आज जुडी नाही का?"

"नाही, झाडच आहे ते. अहो, उद्या गोंद मी लावून देऊ का?"

धूर दिसला की अग्नी मानावा, एवढं तर्कशास्त्र मी शिकलोय. आधी गोंदात भेसळ असावी असं वाटलं. मग ब्रशचे केस झडलेत असं ठरवलं. मग तो अर्धा कप आठवला. रविवारी माझ्या हातून भरला कप बशीत सांडला, तेव्हा तिने फक्त बशी बदलून दिली. सोमवारपासून कप अर्धा.

माझा उजवा हात थरथरतो. हे तिला माझ्याआधी कळलं. आणि तिने मला चिडवायचं सोडलंय, त्याचीच जास्त भीती वाटते.