जिनगर या नावात घोडा नाही

रहाटणी,
१९ जानेवारी १९७५

ती. दौलतदादांस मालोजीचा नमस्कार.

मी ठीक आहे. तुमचं उत्तर येत नाही, म्हणजे तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो. पाकिटात तिळगूळ घातलाय. टपालात चुरा झाला असेल, तरी तोंडात टाका.

कंपनीत आमच्या खात्यात लातूरकडचा भिमाजी नवा लागलाय. परवा डबा खाताना त्यानं माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. त्याला वाटत होतं, जिन म्हणजे भूत, तेव्हा आमच्या घराण्यात कुणीतरी भुतंखेतं उतरवणारा असणार. मी पोटभर हसलो. मग वडील सांगायचे तसंच सांगितलं. जीन म्हणजे खोगीर, गर म्हणजे करणारा. शब्द फारसी, घोडदळाबरोबर इकडे आला म्हणे. त्यानं माझ्या शेजारी अर्धवट शिवून ठेवलेल्या स्कूटरच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाला, "मग तुम्ही आजूनबी तेच करलालाव की."

दादा, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी फलटण सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "घोडा सुटला की जिनगर सुटला. तिकडं जाऊन हे नाव सांगू नको." चार वर्षं मी ते मनात धरून सीटा शिवतोय. पण या नावात घोडा आहेच कुठे? बसायची जागा शिवणारा, एवढंच तर ते सांगतं. आणि घोडे तुमच्याकडे तरी कुठे उरलेत? आतेबहीण प्रभावती सांगत होती, आता टांगेवाल्यांचे पट्टेही येत नाहीत, तुम्ही दुकान बंद करणार आहात.

भांडायला लिहीत नाही. आपल्याकडे खोगीर शिवताना एका दोऱ्याला दोन सुया असायच्या, अलीकडून माझी, पलीकडून तुमची. बोलावं लागायचं नाही. इथे दिवसभर मशीनची खडखड, आणि खोलीवर आलो की कुणाचाच आवाज नाही. मला करमत नाही, दादा.

खोली घेताना घरमालकीण गिरजाबाईंना सांगितलं होतं, थोरला भाऊ येणार आहे, दोघं राहू. आधी त्या सारख्या विचारायच्या, कधी येणार म्हणून. मग विचारेनाशा झाल्या. परवा संक्रांतीला हळूच म्हणाल्या, "मालोजीभाऊ, राग मानू नका, पर तुमाला भाऊ हाय ना खरंच?"

मी हो म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

दुकानाचं तुम्हाला वाटेल ते करा. पण एकदा येऊन त्या बाईला दिसा.

तुमचा पाठचा,
मालोजी दत्तोबा जिनगर