माझ्या पत्त्यावर दुसराच कोणी

३ जानेवारी
हिने काल मुलीला फोनवर सांगितले, "तुझे बाबा हल्ली गुडघ्याचं तेल विकतात." ही हकीकत सर्वथा चुकीची आहे. तेलाला मी आजवर बोटही लावलेले नाही. मी एका डोमेनचा, म्हणजे इंटरनेटवरील एका सुटसुटीत पत्त्याचा मालक आहे. तो पत्ता टाईप करणारा थेट तेलाच्या कंपनीच्या पानावर पोहोचतो. त्याने तेल घेतल्यास कमिशन मला मिळते. कंपनीचा मूळ पत्ता एका दमात वाचता येत नाही. माझा येतो. यास विक्री म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात.

५ जानेवारी
बागेत पत्त्याची कार्डे वाटली. निवृत्त स्टेशनमास्तर मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. आज म्हणाले, "काय शुद्धलेखन, आता आमच्या गुडघ्यांच्या चुका काढणार?" दुर्लक्ष केले. गाण्याच्या बाईंनी मात्र कार्ड पर्समध्ये जपून ठेवले. त्या एकट्या राहतात आणि माझा शब्द खाली पडू देत नाहीत.

११ जानेवारी
ईमेल : आपल्या डोमेनची मुदत संपत आहे, नूतनीकरण करा. उघड फसवणूक. विकत घेतलेल्या वस्तूची मुदत कशी संपेल? डिलीट. ही म्हणाली, "अहो, खरंच असलं तर?" तिला स्मरण करून दिले की, मार्चमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात ‘इंटरनेटवरील सावधगिरी’ या विषयावर मी बोलणार आहे, ती नव्हे.

१८ फेब्रुवारी
‘अंतिम सूचना.’ धमकीची भाषा हाच लबाडीचा पुरावा. डिलीट. व्याख्यानात उदाहरण म्हणून घेणे.

२४ मार्च, दुपारी चार
स्टेशनमास्तरांचा फोन. "शुद्धलेखन, तुमच्या पत्त्यावर तेल नाही हो, जुगार चालू आहे!" उघडून पाहिले. हिरवे टेबल, गरगर फिरणारे चक्र आणि वर माझाच पत्ता. हात गार पडले. पंखा पाचवर होता.
पानाच्या तळाशी तक्रारीचा अर्ज सापडला. सहा परिच्छेदांची तक्रार लिहिली. ओळख पटविण्यासाठी त्यांनी डेबिट कार्डाचा क्रमांक मागितला. मालक या नात्याने तो देणे कर्तव्यच होते. फोनवर आलेला कोडही दिला.

सायंकाळी सहा
मुलगी फोनवर म्हणाली, मुदत संपून ते नाव सुटले आणि दुसऱ्याने घेतले. आता लोकांना कुठे न्यायचे, हे तो ठरवतो. "बाबा, कुणी तिथे माहिती भरली नाही ना?" मला बाई आठवल्या. कार्डाच्या मागे माझा फोन नंबर आहे. बाईंचे खाते रिकामे झाले, तर पोलीस सरळ इथेच येतील. तक्रार अर्जाविषयी मुलीला सांगितले नाही. ती बाब वेगळी.

२५ मार्च
बेल वाजली. मी घरी नसल्याचे सांगण्यास हिला बजावून न्हाणीघरात शिरलो. भीतीमुळे नव्हे; दात घासायचे होते. इस्त्रीवाला निघाला, हातात माझा व्याख्यानाचा सदरा. व्याख्यान घशाच्या कारणास्तव रद्द केले. बँकेच्या नावाने दोन संदेश आले. फसवे. डिलीट.
बाईंना फोन लावला आणि त्यांनी उचलण्याआधीच ठेवला. त्या रडत असल्या तर काय बोलावे, हे सुचेना.

२६ मार्च
शेवटी बाईंकडे गेलो. कार्डाविषयी विचारले. त्यांनी टेबलाच्या पायाकडे बोट दाखवले. पायाखाली घडी करून तेच सारले होते. "डुगडुगत होतं हो फार. तुमचं कार्ड अगदी छान बसलं. टाईप कुठे करणार? माझा फोन बटणांचा."
जीव भांड्यात पडला. घरी परतलो, तर ही बँकेशी बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "कार्ड परवाच बंद करून घेतलंय. फॉर्म भरताना तुम्ही सगळं मोठ्याने वाचत होता."

२७ मार्च
हिने मुलीला सांगितलेल्या हकीकतीतील तारखा चुकीच्या आहेत. दुरुस्ती :
११ जानेवारी – पहिली सूचना. (ही ‘डिसेंबर’ म्हणते.) खरी होती.
१८ फेब्रुवारी – अंतिम सूचना. तीही.
२४ मार्च – स्टेशनमास्तरांनी ते पान पाहिले. काही भरले नाही.
२४ मार्चच – एकाने भरले. (ही ‘तेवीस’ म्हणते.)
२५ मार्च – बँकेचे संदेश. खरे होते.
२ एप्रिल – व्याख्यान. रद्द नव्हे, पुढे ढकललेले. विषय तोच. बोलणार ही. उदाहरण मी.