गयामावशीचा खिळा

२४ ऑगस्ट
पुस्तक मिळालं. अंबाजोगाईला रद्दीवाल्याकडं. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत. आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा प्रकरण दोनपर्यंत, पुढं त्याने सोडलेलं दिसतं. इंग्रजी आहे. शब्दकोश जवळ घेऊन रोज तीन पानं. दहावीला इंग्रजीतच राहिलो होतो, म्हणून तीनच्या वर ठरवत नाही.

विषय: एका प्रोग्रामने दुसऱ्याला निरोप कसा धाडायचा, आणि दुसरा बंद असला तर तो मध्ये कुठं ठेवायचा.

मी कामाला आहे त्या वडवणीच्या दुकानात उपयोग आहे. पुढच्या मशिनवर मी लोकांचे फॉर्म भरतो, मागच्यावर छपाई. मागच्याला इन्व्हर्टर नाही. लाइट गेली की कोणाचं छापायचं राहिलं ते कळत नाही. मालकांना, बाळूभाऊंना, समजावून सांगितलं. म्हणाले, "कावून डोकं शिणवतू बे? कागद खिळ्याला खोवायचा, झालं."

खिळा म्हटल्यावर काहीतरी आठवलं. काय, ते गावी पोचेपर्यंत कळलं नाही.

२६ ऑग.
गयामावशीचा खिळा.

मी लहान असताना आमच्या गावात बाहेरगावी बोलायला एकच जागा, मावशीच्या किराणा दुकानातला फोनचा लाल डबा. रुपयाचं नाणं टाकायचं. आईबाप ऊसतोडीला गेले की संध्याकाळी कारखान्याकडून फोन यायचे. मावशी ओरडून बोलायची आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने जुन्या कॅलेंडरच्या तुकड्यांवर लिहायची. "दगडूच्या बापाला: बैल बरा हाय." "सुमनला: डाळीला ऊन दाखव." चिठ्ठी लाकडी खांबावरच्या खिळ्याला.

दुकानात जे पोर असेल ते निरोप घेऊन पळायचं. आधी मावशी विचारायची, "काय सांगशील? म्हणून दाखव." सांगून परत आलं आणि "सांगितलं" म्हटलं की मगच चिठ्ठी खिळ्यावरून काढून फाडायची. वर बरणीतली एक लिमलेटची गोळी. तोपर्यंत चिठ्ठी हलायची नाही. दोन दिवस राहिली तरी राहिली.

रॉकेल, सुपारी आणि धुण्याच्या साबणाचा एकत्र वास. सहा महिने आई नसायची. मावशीच्या अक्षरातली आई असायची.

३१ ऑग.
पा. १९. आकृती. तीन चौकटी: धाडणारा, रांग, घेणारा. मधल्या चौकटीत पेन्सिलीने ‘ग. मा.’ लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं.

मावशी जाऊन चार वर्षं झाली. दुकानाला कुलूप. आज मुद्दाम तिकडून गेलो. फटीतून खांब दिसतो, खिळा दिसला नाही. अंधार होता आत.

७ सप्टें.
ताई बाजाराला आली होती, पोरीला घेऊन. आरू पहिलीत गेलीय. आई म्हणाली, यंदा तोडीला जाताना आरूला माझ्यापाशी ठेव, शाळा बुडायची नाही.

ताई: "तुझ्यापाशी? मला ठिवलंस का तू शाळंत? सहावीतून उचलून नेलंस."
आई: "आगं, नका धाडू म्हणून निरोप धाडलता मी."
ताई: "काकू म्हणते आला न्हाई. कुनाचं खरं मानू?"
आई: "पंधरा वर्सं तेच सांगायलेय, रेखा."
ताई: "मंग नको सांगू. माझी पोरगी माझ्याबरूबर."

मी चहाचे कप विसळत होतो. चार कप. पुष्कळ वेळ विसळले.

तोडीची टोळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघणार.

१८ सप्टें.
मी लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदा चालवला. बारा नावं धाडली. मागच्या मशिनने लगेच बारा घेतली, दोन छापली, लाइट गेली. आल्यावर पाहिलं तर रांग रिकामी. दहा नावं कुठंच नाहीत.

बाळूभाऊ लई हसले. "तुझा प्रोग्राम माझ्या मेव्हण्यासारखा हाय. हो म्हनतू, आन् काम करत न्हाई."

दहा जणांची माफी मागून नावं परत लिहून घेतली. प्रत्येक नाव दोनदा वाचून घेतलं. बा. भा. म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतू? कुनी मेलं का?"

२१ सप्टें.
कारण सापडलं, प्र. ४. निरोप मिळाल्याची पोच घेणाऱ्याने कधी द्यायची, हा प्रश्न. मी जी पद्धत लिहिली होती तिच्यात हातात पडताच पोच जाते. रांगेला वाटतं काम झालं, ती निरोप टाकून देते. पोच काम झाल्यावर द्यावी, असं पुस्तक म्हणतं. वाक्य तीनदा वाचलं. शब्दकोश लागला नाही.

आज पुढं लिहीत नाही.

२२ सप्टें.
लिहून टाकतो.

दुसरीत होतो. आईबाप आणि पाच महिन्यांचा गणेश कारखान्यावर, ताई आणि मी काकूकडं. गणेशला सांभाळायला ताईला शुक्रवारच्या ट्रकने धाडायचं ठरलेलं. बुधवारी मावशीने माझ्याकडं आईचा निरोप दिला. काकूला: रेखाला धाडू नका, मी भागवते, तिची शाळा राहू द्या. मी म्हणून दाखवलं. एक शब्द चुकलो नाही.

बाहेर पोरं खोदायच्या विहिरीवरचा, दगड वर काढायचा यारी-पाळणा बघायला निघाली होती. पाच पावलं गेलो असेन. वळलो. म्हणालो, "सांगितलं मावशी."
"येवढ्यात?"
"काकू वाटंतच भेटली."

तिने चिठ्ठी फाडली. गोळी दिली. काकूला नंतर सांगू असं मनात होतं, आणि

शुक्रवारी आठवलं. ताई ट्रकात बसली होती, मला हात करत होती. तेव्हा आठवलं. बोललो नाही. पुढच्या वर्षी शाळेतून तिचं नाव कमी झालं.

आई सहा महिन्यांनी परत आली. तोवर कोणती चिठ्ठी कोणी नेली हे मावशीला कुठलं आठवायला. मला कोणी विचारलंच नाही.

५ ऑक्टो.
पोचेची ओळ छपाईच्या खाली नेली. बा. भा. नी स्वतः मागच्या मशिनची पिन उपटली, मोठ्या आनंदाने. परत चालू केलं. नावं होती. सगळी, क्रमाने. बा. भा. म्हणाले, "आयला, हाय की!" भजी मागवली.

मग पुस्तकात दुसरं एक शोधलं. खोटी पोच दिली तर? प्रकरण संपूर्ण वाचलं, मागची सूचीही. पोच न आलेला निरोप रांगेत परत लागतो. पोच आलेला कायमचा जातो. परत मागायची सोय नाही. रांगेला आता काही माहीत नाही. माहीत असलाच तर फक्त घेणाऱ्याला.

भाऊबीज
ताई काल आली. उद्या दहाला ट्रक इथूनच जाणार, दाजी त्यातच असतील, ताई आणि आरू रस्त्यावरून चढतील.

ओवाळून झाल्यावर ताट तिच्या हातात असतानाच बोललो. नंतर जमलं नसतं. कॅलेंडरच्या तुकड्यावर लिहून नेलं होतं, तरी वाचून दाखवलं नाही. आईचा निरोप होता, माझ्यापाशी होता, मी सांगितलं म्हणालो आणि सांगितलं नाही. विहीर, यारी, गोळी. सगळं क्रमाने.

ताई ताटातल्या दिव्याकडं बघत होती.
"कंची गोळी?"
"लिमलेट."
"एकट्यानंच खाल्लीस?"
"हो."

तिने ताट ठेवलं आणि आई धुणं वाळत घालत होती तिकडं गेली. पिळायला दुसरं टोक धरलं. बोलल्या की नाही, इथून ऐकू आलं नाही.

मला वाटत होतं तिने एकदा म्हणून दाखवावं. आईने निरोप धाडला होता, एवढंच.

दुसरा दिवस
सकाळी पावणेदहा. तुकडा फाडला नाही. दाराच्या चौकटीला खिळा आहे, आरशाचा. त्याला खोवला.

ताईचं सामान ओसरीवर बांधून तयार: स्टोव्ह, दोन पोती, गोधड्या, कोयते कापडात गुंडाळलेले. मोजलं, दोनदा. आरूचं दप्तर त्यात नाही. तिचा शाळेचा निळा फ्रॉक आईच्या दोरीवर आहे. ओला म्हणून राहिलाय की ठेवलाय, कळत नाही. हात लावून बघितला.

वाळलाय.

आरू पायरीवर बसून पाव खातेय. ताई केस विंचरतेय. मी चौकटीत उभा आहे, माझ्याशेजारी तुकडा आहे, तिला तो दिसतो. "सत्या, सरक उजेडातनं," म्हणाली.

सरकलो. ट्रकचा हॉर्न फाट्यावर वाजला. ताईने एक पोतं उचललं, फ्रॉक दोरीवरच राहू दिला.