खोक्यातून आलेली खुर्ची

कासारवाडी,
२२ जुलै १९७९

प्रिय मित्र अजीज यास,
स. न. वि. वि.

सर्र… सर्र… तुझ्या अब्बांचा रंधा! चाकणच्या शाळेत आपण कविता घोकायचो आणि खिडकीपलीकडून रहिमान मिस्त्रींचा रंधा तिला ठेका धरायचा. पंचेचाळीस वर्षांनी आज पहाटे तोच आवाज कानात घुमला. वाटलं, लाकडाशी आपलं काही वैर नाही. वैर आहे ते दौलतरावांशी.

दौलतराव म्हणजे आमच्या दुर्गाचे यजमान, कंपनीतले साहेब. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मुंबईहून खुर्ची आणली, तीही खोक्यात. पाय सुटे, पाठ सुटी, पेच आणि बोल्ट पुडीत. घरी जोडून घ्यायची. मी जोडली. सत्काराला चाळीस माणसं जमली. मी कविता म्हणायला खुर्चीत बसलो आणि दुसऱ्या कडव्याला जमिनीवर आलो! दौलतराव सगळ्यांदेखत म्हणाले, काय मास्तर, मात्रा कमी पडल्या वाटतं? लोक असे हसले की कपातला चहा बशीत. अजून वाणी मला साखर देताना मात्रा मोजून देऊ का म्हणून विचारतो.

त्या माणसानं जाणूनबुजून मोडकी खुर्ची दिली. नारळी पौर्णिमेला दुर्गा राखी बांधायला येईल, तिच्याबरोबर तेही येतील. तोवर खुर्ची उभी करायची आहे. तुझं हत्यारांचं दुकान, तेव्हा कोणती हत्यारं घ्यावीत ते तूच सांग. लोखंड कापायची पाती असली तर तीही पाठव.

लोभ जुनाच आहे, तो हत्यारांसकट यावा.

तुझा,
हरिहर


चाकण,
२६ जुलै १९७९

हरिहर मास्तरांना अजीजचा सलाम. पद्मावहिनींना नूरबीनं सलाम सांगितलाय.

मास्तर, दुकानात येणारा प्रत्येक शहाणा आधी हातोडी मागतो. तुला हातोडी देत न्हाई. रुंद तोंडाचा पेचकस पाठवलाय, तो पेचाच्या खाचेत गच्च बसला पायजे. बोल्टसाठी पाना, काटकोन बघायला गुण्या आन सरस. एवढंच पुष्कळ हाय. अशी खुर्ची परत खोलता यावी म्हणून पेचावर असते, तिला खिळे मारून ठार करू नको. भोक सैल झालं असंल तर बांबूची काडी सरसात बुडवून भर. पावसाळी हवा हाय, दोन दिवस वाळू दे, मगच पेच पिळ.

पण आधी एक काम कर. मोडक्या पायातला पेच काढून त्याचं डोकं बघ. खाच साबूत असंल तर तो पिळलेला. डोकं चेपलेलं असंल तर ठोकलेला, आन ठोकलेला पेच लाकूड आतून फाडतो. मग कळंल कसूर देणाऱ्याची का जोडणाऱ्याची.

पाती पाठवत न्हाई. खुर्ची दुरुस्त करायला लोखंड कशाला कापायचं? सातवीत ड्रिलच्या मास्तरांवर डूख धरून तू त्यांच्या स्टुलाचा पाय कापला होतास, आन बसलो होतो मी. पावसाळ्यात अजून कंबर धरते.

पिशवी भीमराज कंडक्टरकडं दिलीय, पिंपरीच्या स्टँडवर घे. लोभ हाय तेवढा राहू दे, राग तेवढा कमी कर.

अजीज


कासारवाडी,
५ ऑगस्ट १९७९

प्रिय अजीज यास,
स. न. वि. वि.

तू सांगितलंस तसे पेच काढले. आठच्या आठ डोकी चेपलेली, आणि प्रत्येकावर पितळेचा पिवळा डाग. घरात पेचकस नव्हता म्हणून मी खलबत्त्याच्या पितळी बत्त्यानं पेच ठोकले होते. खोक्यातला पाना तर अजून पुडीतच आहे. म्हणजे खुर्ची चांगली होती, मोडली मी. तुझ्यापुरतं कबूल.

पण म्हणून का माफ करू? खुर्ची मी मोडली, हसं त्यांनी केलं. अपराध दोन, शिक्षाही दोन. माझी मी भोगली; वाण्याकडे रोज भोगतो.

तेव्हा काड्या भरल्या, सरस वाळवला, गुण्या लावून पाय सरळ केले. खुर्ची अशी उभी राहिली की तुझ्या अब्बांनी पाठ थोपटली असती. मग इथल्याच लोहाराकडून पाती आणली आणि मागच्या पायाचा बोल्ट पाऊण कापला. वरून बूटपॉलिश फासलं. दौलतराव बसतील, मागे रेलतील, आणि मी अगदी हळू आवाजात मात्रांची चौकशी करीन. हे वाक्य मी तीन दिवस घोकतो आहे; इतकी गोडी कुठल्या कवितेत लागली नव्हती. पद्माला सांगून ठेवलंय, सरस ओला आहे, पौर्णिमेपर्यंत तिथं टेकायचं नाही.

थांब, कडी वाजते आहे. खिडकीतून पाहतो तर दुर्गा! दोन दिवस आधीच, एकटी, हातात पत्र्याची ट्रंक. पद्मानं दार उघडलं. दुर्गा रडते आहे. म्हणते, त्या माणसाचे टोमणे आता सोसवत नाहीत, दादाकडेच राहीन. स्टेशनपासून ट्रंक उचलून आले, आधी जरा बसू दे. आणि डोळ्यांना पदर लावून ती मागच्या हातानं खुर्ची चाचपते आहे.

अजीज, तिच्याआधी मला तिथं बसलं पाहिजे.