राजाची घोडउडी

३ जानेवारी २०२५
आमची योगिनी बुद्धिबळात राष्ट्रीय महिला विजेती! आमची म्हणजे माझी. पोरीला पट मी शिकवला. १२ तारखेला, रविवारी, इथे काचीगुड्याच्या मराठी मंडळात सत्कार. भाषण आजपासून लिहायला घेतो. विषय: गुरू म्हणून मी.

५ जानेवारी
एक पान झालं. बायको, त्रिवेणी, म्हणाली, तुम्हाला बोलायला कोणी सांगितलंय? लगेच मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, हौ हौ, बघू, परेशान नका होऊ. म्हणजे पक्कं.

८ जानेवारी, दुपार
कोठीच्या बाजारातून नवं जाकीट आणलं. आरशात अगदी गुरू दिसतो.
भाषणातून दोन गोष्टी गाळल्या. एक: आमच्या घरच्या खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आजोबांपासूनचा नियम. पोरीने पहिल्याच स्पर्धेत राजा उडवला, सगळे हसले, डाव गेला. पंचच अडाणी. दोन: नवव्या वर्षी तिने मला हरवलं. तेव्हा मला ताप होता.

१२ जानेवारी, संध्याकाळी ७
मला बोलावलंच नाही.
योगिनी बोलली. राजाच्या उडीची गोष्ट सांगितली. हॉल हसला, मीही हसलो. मग म्हणाली, त्याच आठवड्यात मी बाबांना हरवलं. त्यानंतर ते माझ्यासमोर बसलेच नाहीत. रोज मी शाळेतून आले की पट मांडून त्यांची वाट बघायचे, मग दोन्ही बाजूंनी मीच खेळायचे. अठरा वर्षं झाली.
कोणी हसलं नाही. फार लागलं. चारचौघांत बापाची इज्जत काढली! तापाचा तर उल्लेखही नाही.
उद्या तिला समोर बसवायचं आणि हरवायचं. ठरलं.

१३ जानेवारी, सकाळी ९
तिने आपण होऊन जुना पट मांडला. म्हणाली, बाबा, एक डाव. तुमची उडीसुद्धा चालेल. म्हटलं, कंबर धरलीय, संध्याकाळी बसू. ती हौ म्हणाली. तिची गाडी दुपारची आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.
होतं.

१३ जानेवारी, संध्याकाळी ६
कंबर एकदम ठीक. जाकीट घालून बसलो. त्रिवेणीला म्हटलं, पट आण. ती म्हणाली, योगिनी घेऊन गेली. म्हणाली, बाबांना नक्को असतो.
आज मी खेळणारच होतो. घरात पटच नाही, त्याला मी काय करणार?