बाटलीत शिरलेले काका

६ मे

ती. काकांस, सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात आणि घसा शाबूत आहे, हे काकूच्या फोनवरून कळलं. इथे मात्र तुमची खूण मागे राहिली आहे. काल आमच्या हवा मोजणाऱ्या केंद्राच्या गच्चीवर मी श्वास रोखून, वाऱ्याकडे तोंड करून काचेच्या बाटलीत हवा भरत होते. तेव्हा तुम्ही नेमके वाऱ्याच्या वाटेत उभे राहून, हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडच्या चारशे रेणूंनी पृथ्वी तापते ही शुद्ध थाप आहे, असं भाषण ठोकलंत. मी हातवारे करून गप्प करत होते, तुम्हाला वाटलं दाद देतेय! उच्छ्वासात तो बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो. यंत्राने आकडा दाखवला चारशे सत्तर. बाटलीत तुम्हीच बसलात.

हसू येतं, पण हा नमुना वाया गेला. एकतीस वर्षांत केंद्राच्या नोंदवहीतली एकाही आठवड्याची ओळ रिकामी नाही. रविवारपर्यंत समुद्रावरून वारा आला तर पुन्हा नमुना घेता येईल. सध्या तो शहराचा धूर घेऊन येतोय. मला कायम करायचं की नाही, हे प्रमुखबाई याच महिन्यात ठरवणार. सहकारी म्हणतो, मागचाच आकडा लिहून टाक, कोण बघतंय? खरं सांगते, हात शिवशिवतो.

काकूला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
मोजपट्टी

८ मे

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी भडकलो. चाळीस वर्षं गोदी कामगारांच्या सभा गाजवल्या, आणि माझा श्वास गुन्हेगारासारखा पकडला जावा? काकू तर इतकी हसली की चहा सांडला.

पण ऐक! खोटा आकडा लिहिलास तर माझी पुतणी म्हणवून घेऊ नकोस. मालकांनी हजेरीपटात खोटी नावं घुसडली, तेव्हा सबंध गोदी घेऊन मी कशासाठी उन्हात बसलो होतो? नोकरी गेली तर आमची मागची खोली तुझीच आहे.

हरलो मात्र नाही हं. पकडणं वेगळं, तापवणं वेगळं. दहा लाखांत चारशे! उत्तर असेल तर दे. नाहीतर पुढच्या सभेत मी हेच गर्जणार.

तुझा,
भोंगा काका

१४ मे

ती. काकांस, सा. न. वि. वि.

आधी उत्तर. दहा लाखांत चारशे म्हणजे दहा हजारांच्या सभेत चार. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे खुर्च्यांवरचे श्रोते. जमिनीवरून वर निघालेली उष्णता त्यांच्यामधून सरळ निघून जाते. हे चौघे मात्र दारात उभे. उष्णतेला धरतात आणि बरीचशी परत आत ढकलतात. हवा तापली की पाण्याची वाफही त्यांना सामील होते. कारखाने येण्याआधी दारात धड तिघेही नव्हते. आणि काका, ज्यांनी चार माणसं उभी करून गोदीची फाटकं बंद पाडली, त्यांनी तरी चार म्हणजे किती, असं विचारू नये!

आता वहीचं. रविवारपर्यंत वारा फिरला नाही. ओळ रिकामी ठेवली आणि कारण लिहिलं की नमुना घेताना काका बोलत होते. प्रमुखबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले, बहुधा हसूनच. मग म्हणाल्या, उद्या आपल्या आकड्यांवर कुणी शंका घेतली तर मी सगळ्यात आधी ही ओळ दाखवेन, मोजता आलं नाही तिथे आपण आकडा बनवला नाही म्हणून. कायम केल्याच्या पत्राची प्रत सोबत पाठवतेय. काकूला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या लोभाची,
मोजपट्टी