नकाशात न मावलेलं नाव

चोपडा,
४ डिसेंबर २०२४

चि. मयुरी हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून नेहमीसारखे पत्रच लिहितो. तुमच्या संस्थेचे पत्र गेल्या महिन्यात आले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांची नावे गोळा करण्याचे माझे काम आता थांबवावे, असे तुझ्या प्रेमराज साहेबांनी फार सभ्य भाषेत कळवले आहे. खैरकुंडी नकाशात नव्हती, म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचे पथक तिथे गेलेच नाही. तिथल्या बेबाबाईने अडतीस माणसे मजुरीला जाऊ न देता दुपारपर्यंत शाळेपुढे बसवून ठेवली होती.

पोरी, बत्तीस वर्षे मी त्या पाड्यावर सायकलने टपाल नेले. तेच नाव माझ्याकडून राहिले कसे? तू शिकवल्याप्रमाणे फोनवरच्या नकाशात ते टाकल्याचे मला आठवते. पण आता माझ्या आठवण्यावर माझाच भरवसा नाही. आमच्या वडिलांना, आबांना, शेवटी शेवटी घरची माणसेही ओळखू येत नव्हती, हे तुला ठाऊक आहे. हल्ली मी एकटा बाजारात जात नाही. तुझी काकू थट्टा करते की पिशवी विसरलात तर चालेल, मला विसरू नका. मला हसू येत नाही.

माझ्यामुळे तुला साहेबांपुढे खाली बघावे लागले असेल. माफ कर. तब्येतीस जप, आणि या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
गिरधर नाना

धुळे,
९ डिसेंबर २०२४

ती. नाना यांस मयुरीचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माफी तुम्ही मागायची नाही. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत.

खैरकुंडी तुम्ही टाकलेली आहे. कुणालाही भर घालता येते त्या खुल्या नकाशावर ती आजही आहे, तुमच्या नावानिशी, १७ ऑगस्टच्या तारखेसह. त्या माहितीवरून पथकांसाठी छापायचा नकाशा काढायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. दोन समोर होती. त्यातल्या क्यूजीआयएसमध्ये जी नावं कागदावर मावत नाहीत ती लाल अक्षरांत समोर दाखवता येतात. मग एकेक हाताने सरकवून बसवायचं. चार-पाच दिवसांचं काम. दुसऱ्यात तासाभरात नकाशा तयार, रंग देखणे, डोंगराला सावली. मात्र नावावर नाव येत असेल तर ते लहान नाव गुपचूप गाळतं. हे मला माहीत होतं. कुठली नावं गळाली ते मी तपासलं नाही. मला नकाशा सुंदर दिसायला हवा होता, आणि तो सगळ्यांना आवडला.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं लिहायला हात धजत नाही. बैठकीत प्रेमराज सरांनी विचारलं की हा पाडा का नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की माहिती गोळा करणारे वयस्कर आहेत, त्यांच्याकडून राहिलं असेल. दोन दिवसांनी मी माहिती उघडून पाहिली. तुमची नोंद समोर होती. तरी मी गप्प बसले. तुम्हाला ते पत्र गेलं, त्याचा मजकूर टाईप मीच केला.

तुम्ही बाजारात जाणं सोडाल, असं मनातही आलं नव्हतं. काय लिहू?

तुमच्या पायांशी,
मयुरी

चोपडा,
१४ डिसेंबर २०२४

चि. मयुरीस आशीर्वाद.

पत्र पोचले. मी विसरलो नव्हतो हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मग राग आला, तो अजून आहे. वीस दिवस मी अंघोळीला बसलो की पाड्यांची नावे मनात म्हणून पाहत होतो, एखादे निसटते का म्हणून. काकूलाही सांगितले नव्हते.

यंत्र निवडण्यात कुणीही चुकेल. मीही एकदा हिलाल नावाच्या दोघांत गोंधळ करून मरणाची तार भलत्याच घरी दिली होती. त्या घरात रडारड सुरू झाली. तासाभराने त्याच दारात परत गेलो आणि उभ्याने शिव्या खाल्ल्या. काकू म्हणते, पोर कबूल व्हई गयी ना, आते बठ्ठं सोडी द्या. ते सगळे माझ्याने इतक्यात सुटणार नाही.

तू साहेबांना सांग. मग खैरकुंडीला जा आणि बेबाबाईला सांग. माझ्या नावाची ओळख देऊ नकोस, मी सोबतही येणार नाही. गेल्यावर लिही.

गिरधर

धुळे,
२६ डिसेंबर २०२४

ती. नाना यांस सा. नमस्कार.

भरल्या बैठकीत सांगितलं. सर एवढंच म्हणाले की चुकीपेक्षा तुमच्या वयाबद्दलचं ते वाक्य त्यांना जास्त लागलं. त्यांचं पत्र सोबत आहे. काम पुन्हा घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. नकाशा मी क्यूजीआयएसमध्ये नव्याने काढला. लाल अक्षरांत अकरा नावं निघाली, नाना. एक नव्हे, अकरा.

परवा पथकाबरोबर खैरकुंडीला गेले. बेबाबाईंनी पुन्हा सगळ्यांना जमवलं होतं, पण या वेळी एकोणतीसच आले. बाकीच्यांनी निरोप पाठवला की एकदा बसून पाहिलं. मी उभी राहून सांगितलं की पाडा कुणी विसरलं नव्हतं, मी तो गाळला आणि दोष दुसऱ्यावर टाकला. बेबाबाई म्हणाल्या, कागद देखणा पाहिजे होता, माणसं नाही का?

तिघा मुलांना आजार निघाला. त्यात रूपा नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवस तिचे हातपाय असे ठणकत होते की ती ओरडून ओरडून थकली. थंडीने असेल म्हणून घरचे शेकत बसले. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार जात नाही, पण असे झटके औषधाने पुष्कळ कमी होतात.

तिच्या आईने मला विचारलं की तुम्ही तेव्हाच आला असतात, तर पोरीचे ते चार दिवस टळले असते का. पथकातली नर्स माझ्या मदतीला आली, असं काही सांगता येत नाही म्हणू लागली. मी तिला थांबवलं आणि बाईला म्हटलं, टळले असते बहुतेक.

तुमची माया पूर्वीसारखी मागायला जीभ रेटत नाही. उरली असेल तेवढी असू द्या.

तुमची,
मयुरी